स्त्रियांची व्यावसायिक कुस्ती : आरंभीचा इतिहास, माहितीपट आणि हमीदा बानू

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात कुस्तीला मानाचे स्थान आहे. गावोगावच्या तालमी, जत्रेतील फड, संस्थानिकांचा आश्रय आणि 'महाराष्ट्र केसरी'ची गदा या सर्वांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. या लेखनात स्त्री मात्र क्वचितच दिसते. दिसलीच तर ती पैलवानाची खुराक सांभाळणारी आई किंवा त्याच्या ब्रह्मचर्यापासून दूर ठेवायची व्यक्ती म्हणून दिसते. आखाड्यात उतरलेली, तिकीट लावून कुस्ती केलेली आणि त्यावर उपजीविका केलेली स्त्री या इतिहासात जवळजवळ नाहीच.

प्रत्यक्षात अशी स्त्री होती. हमीदा बानू या मल्ल स्त्रीने १९४० आणि १९५० च्या दशकांत मुंबई, पुणे व बडोदा या शहरांतील कुस्तीशौकिनांना आणि वृत्तपत्रांना आपली दखल घ्यायला लावली. अमेरिकेत तिच्या समकालीन मल्ल स्त्रियांवर २००४ मध्ये एक पूर्ण लांबीचा माहितीपट तयार झाला. त्यात त्या स्त्रियांनी आपली कहाणी स्वतः सांगितली. हमीदा बानू १९८६ मध्ये निवर्तल्या. त्यांच्याविषयी आज जे उपलब्ध आहे ते प्रामुख्याने वृत्तपत्रांतील मजकूर आणि कुटुंबीयांच्या आठवणी या स्वरूपाचे आहे.

स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीचा आरंभीचा इतिहास कोणत्या साधनांतून उभा राहतो, तो लिहिताना कोणते प्रश्न अडथळा ठरतात आणि हमीदा बानूंचे या इतिहासात काय स्थान आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. 'व्यावसायिक कुस्ती' या संज्ञेचा अर्थ :

'व्यावसायिक कुस्ती' हा शब्दप्रयोग मराठीत सैलपणे केला जातो. विवेचनाच्या सोयीसाठी त्याचे तीन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिला अर्थ आश्रयाशी निगडित आहे. संस्थानिकाने पैलवानाला पगार, खुराक आणि तालीम द्यावी व त्याने संस्थानाच्या नावाने लढावे, ही ती पद्धत होय. बडोद्यात खंडेराव गायकवाडांनी (कारकीर्द १८५६ ते १८७०) मल्लविद्येला मोठा आश्रय दिला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. दुसरा अर्थ बाजाराशी संबंधित आहे. येथे आश्रयदाता राजा नसून तिकीट काढणारा प्रेक्षक असतो. जोड ठरविणारा ठेकेदार, जाहिरात, मैदानाचे भाडे आणि उत्पन्नाची वाटणी हे या व्यवहाराचे घटक होत. संस्थाने विलीन होऊ लागल्यावर पैलवानांचे या बाजारावरील अवलंबित्व वाढत गेले. तिसरा अर्थ रंजनाशी निगडित आहे. या प्रकारात निकाल आधीच ठरलेला असतो आणि मल्ल तो कौशल्याने वठवतात. निकाल ठरलेला आहे ही गोष्ट प्रेक्षकांपासून लपवून ठेवण्याच्या रीतीला अमेरिकी व्यवसायात 'केफेब' म्हणतात. आपल्याकडे अशा लढतीला 'नूरा कुस्ती' हा शब्द आहे.

हे तीन प्रकार इतिहासात एकामागून एक आले आणि आधीचा संपल्यावर पुढचा सुरू झाला, असे घडलेले नाही. एकाच मैदानात, एकाच दिवशी, एक कुस्ती निकाली आणि दुसरी ठरवलेली असू शकत होती. निकाली कुस्तीतही खडाखडी लांबवून प्रेक्षकांना रंगवत ठेवणे हा पैलवानाच्या कसबाचाच भाग मानला जाई. स्त्रियांची व्यावसायिक कुस्ती जन्माला आली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाच्या या संधिप्रदेशात. राजाश्रय तिला लाभला नाही, तालमीचे दारही तिला सहजी उघडले नाही. तिला आसरा मिळाला तो जत्रा, सर्कस आणि तिकिटाच्या खेळांचा. यामुळेच तिच्याकडे आरंभापासून संशयाने पाहिले गेले.

२. 'लिपस्टिक अँड डायनामाइट' : साक्षीदार हेच साधन :

रूथ लीटमन यांनी दिग्दर्शित केलेला 'लिपस्टिक अँड डायनामाइट' हा माहितीपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेतील पहिल्या पिढीच्या मल्ल स्त्रिया हा त्याचा विषय आहे. ग्लॅडिस गिलेम, मे यंग, लिलियन एलिसन (आखाड्यातील नाव 'फॅब्युलस मूला'), एला वॉल्डेक, पेनी बॅनर आणि आयडा मे मार्टिनेझ या सहा वृद्ध स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या तारुण्याविषयी बोलतात. जुनी छायाचित्रे, जाहिराती आणि चित्रफितींचे तुकडे यांची जोड त्यांच्या निवेदनाला दिली आहे.

या माहितीपटाचे महत्त्व त्यातील निवेदनाच्या वेळेत आहे. या स्त्रियांच्या उमेदीच्या काळात केफेबचे बंधन कडक होते. कुस्ती ठरवलेली असते हे उघड बोलणे म्हणजे उपजीविकेवर पाणी सोडणे होते. म्हातारपणी ते बंधन सैल झाले आणि म्हणून त्या बोलू शकल्या. लहान वयात घर सोडणे, मोटारीतून रात्रंदिवस प्रवास, ठेकेदाराची मर्जी, मिळकतीतील कपात आणि दुखावलेले शरीर यांविषयी त्या सांगतात. आखाड्यानंतरची त्यांची आयुष्येही उद्बोधक आहेत. गिलेम यांनी पुढे सिंहांना शिकविण्याचे आणि मगरींशी झुंजण्याचे खेळ केले, तर मार्टिनेझ परिचारिका झाल्या.

निकाल ठरलेला असला तरी इजा खरी असते, ही गोष्ट या इतिहासात एका दुःखद प्रसंगाने अधोरेखित होते. जुलै १९५१ मध्ये ओहायो राज्यातील ईस्ट लिव्हरपूल येथे जॅनेट वुल्फ ही अठरा वर्षांची मल्ल आखाड्यातील लढतीनंतर मरण पावली. त्या संध्याकाळच्या तिच्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये एला वॉल्डेक होत्या. 'खोटी कुस्ती' या शब्दाने ज्या व्यवसायाची बोळवण केली जाते त्याची किंमत खऱ्या शरीरांनी मोजली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

माहितीपटातील या सहा स्त्रियांपैकी एलिसन २००७ मध्ये, बॅनर २००८ मध्ये, गिलेम २००९ मध्ये, मार्टिनेझ २०१० मध्ये, वॉल्डेक २०१३ मध्ये आणि मे यंग २०१४ मध्ये निवर्तल्या. म्हणजेच चित्रण झाल्यानंतर जेमतेम दहा वर्षांत साक्षीदारांची ती पिढी संपली. काम आणखी दहा वर्षे लांबले असते तर हा इतिहास त्यांच्या शब्दांत कधीच मिळाला नसता.

साक्षीदारांच्या निवेदनाला मर्यादाही असतात. एलिसन यांनी पुढे अनेक मुलींना शिकविले आणि त्यांच्या लढतीही ठरविल्या. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच काही शिष्यांनी त्यांच्यावर मिळकत लाटल्याचे आणि शोषणाचे गंभीर आरोप केले. त्यामुळे २०१८ मध्ये अमेरिकेतील सर्वात मोठ्या कुस्ती कंपनीने एका लढतीला दिलेले त्यांचे नाव प्रेक्षकांच्या विरोधानंतर मागे घेतले. व्यवसायात उच्चपदी पोहोचलेली व्यक्ती स्वतःची कथा सांगते तेव्हा तिच्या हाताखालच्यांची कथा झाकली जाऊ शकते. माहितीपट हे साधन म्हणून वापरताना हे भान ठेवणे आवश्यक आहे.

३. सन १९५४ : तीन शहरे :

स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात १९५४ हे वर्ष विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. या एका वर्षात जगाच्या तीन कोपऱ्यांत एकाच प्रकारचे प्रश्न पुढे आले.

पहिले शहर बडोदा. ३ मे १९५४ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दिलेल्या बातमीनुसार हमीदा बानू यांनी बडोद्यात बाबा पैलवान या मल्लाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले.

दुसरे शहर अमेरिकेतील अटलांटा. तेथे ऑगस्ट १९५४ मध्ये मिल्ड्रेड बर्क आणि जून बायर्स यांच्यात लढत झाली. बर्क यांनी १९३० च्या दशकात जत्रांमधून पुरुषांना आव्हान देत कारकीर्द सुरू केली आणि १९३७ पासून त्या जगज्जेत्या म्हणून ओळखल्या जात होत्या. त्यांचा ठेकेदार बिली वुल्फ हा त्यांचा पतीही होता. दोघे विभक्त झाल्यावर व्यवसायातील बहुतेक वाटा बर्क यांना बंद झाल्या. अटलांटाची लढत ठरवलेली नव्हती, ती खरी होती. तीनपैकी दोन डाव जिंकणारी विजेती ठरणार होती. पहिला डाव बायर्स यांना मिळाला, दुसरा निकाली न होताच लढत थांबविण्यात आली. तरीही विजेतेपदाचे श्रेय बायर्स यांच्याकडे गेले. ज्या व्यवसायात बहुतेक निकाल आधी ठरत, तेथे एकदा खरी कुस्ती झाली आणि तिचाच निकाल अपुरा राहिला.

तिसरे शहर टोकियो. नोव्हेंबर १९५४ मध्ये याच बर्क आपल्या सहकाऱ्यांसह जपानला गेल्या. त्याआधी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इगारी भावंडांनी अमेरिकी लष्करी तळांवर असे खेळ केले होते. बर्क यांच्या दौऱ्यानंतर जपानमध्ये स्त्रियांच्या कुस्तीचे गट निघाले. पुढे १९६८ मध्ये स्थापन झालेली 'ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग' ही कंपनी २००५ पर्यंत चालली. तेथे स्त्रियांच्या कुस्तीला स्वतंत्र संस्था, स्वतःची शिकवण आणि मोठा तरुण प्रेक्षकवर्ग लाभला.

या तीन शहरांपैकी टोकियोत परंपरा निर्माण झाली, अटलांटात विजेत्या स्त्रीचे स्थान गेले तरी व्यवसाय टिकला, आणि बडोद्यात विजय मिळवलेली स्त्री मात्र काही काळातच दृष्टीआड झाली. हा फरक शारीरिक सामर्थ्याने समजावता येत नाही. तो संस्था, परवानगी आणि पैसा यांच्या रचनेत शोधावा लागतो.

४. हमीदा बानू आणि मुंबई राज्य :

हमीदा बानू मूळच्या मिर्झापूरच्या. त्या अलीगढ येथे सलाम पैलवान यांच्याकडे कुस्ती शिकल्या. या अलीगढमुळेच वृत्तपत्रांनी त्यांना 'अलीगढची अ‍ॅमेझॉन' असे नाव दिले. १९४४ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल'ने दिलेल्या वृत्तानुसार मुंबईत त्यांची आणि गूंगा पैलवान यांची कुस्ती पाहण्यासाठी सुमारे २०,००० प्रेक्षक जमले होते. प्रतिस्पर्ध्याने अधिक रक्कम आणि तयारीसाठी अधिक वेळ मागितल्याने ती कुस्ती रद्द झाली आणि संतप्त जमावाने मैदानात मोडतोड केली.

फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलेले आव्हान देशभर गाजले : जो पुरुष आपल्याला हरवील त्याच्याशी आपण विवाह करू. त्यानंतर त्यांनी पटियाळा आणि कलकत्ता येथील दोन मल्लांना हरविले असे सांगितले गेले. मे महिन्यात त्या बडोद्यास आल्या. तेथे आधी ठरलेल्या छोटे गामा पैलवान यांनी, आपण स्त्रीशी लढणार नाही, असे सांगून ऐन वेळी माघार घेतली आणि बाबा पैलवान आखाड्यात उतरले. ते हरल्यावर पंचांनी त्यांना विवाहासाठी अपात्र घोषित केले, असेही वृत्तात नमूद आहे.

विवाहाची ही अट भारतीय मनाला नवी नव्हती. जैमिनीच्या अश्वमेधकथेतील स्त्रीराज्याची राणी प्रमिला अर्जुनाचा घोडा अडवते आणि कथेचा शेवट दोघांच्या विवाहात होतो. बलवान स्त्रीचे बळ प्रेक्षकांना मान्य व्हावे म्हणून त्या बळाला विवाहाच्या चौकटीत बसविण्याची ही जुनी रीत आहे. १९५४ च्या जाहिरातीने तीच रीत तिकीटविक्रीसाठी वापरली. कथा आणि जाहिरात यांत एक भेद मात्र राहिला. कथेत विवाह घडतो, आखाड्यात तो घडला नाही, कारण ती जिंकत राहिली.

वृत्तपत्रांनी तिच्या शरीराचे वर्णन मोठ्या चवीने केले. उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो. दिवसाकाठी साडेपाच लिटरांहून अधिक दूध, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, जवळपास एक किलो मटण, बदाम, एक कोंबडी आणि बिर्याणीच्या दोन थाळ्या अशी तिच्या खुराकाची यादी छापून आली. पुरुष मल्लाचा खुराक मराठी लेखनात कौतुकाने आणि तपश्चर्येचा भाग म्हणून येतो. स्त्रीच्या बाबतीत तोच खुराक नवलाचा विषय झाला. तिचे डाव, तिची पकड, तिचे वस्ताद आणि तिचा सराव यांविषयी या मजकुरात फारच थोडे आहे. रोज सहा तास सराव आणि नऊ तास झोप, एवढीच माहिती त्यातून हाती लागते. कुस्तीच्या अभ्यासकाला हवी असलेली गोष्ट नेमकी हीच, आणि तीच नोंदविली गेली नाही.

त्या वेळी बडोदा, पुणे आणि मुंबई ही तिन्ही शहरे एकाच मुंबई राज्यात होती. त्यामुळे पुढील प्रसंगाला प्रशासकीय संदर्भ आहे. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली बानूंची कुस्ती स्थानिक कुस्ती नियामक संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. अशा अडथळ्यांविरुद्ध बानूंनी थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. कुस्त्या त्या स्त्री असल्यामुळे थांबविलेल्या नाहीत, तर आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते दुबळे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्यामुळे थांबविल्या आहेत, असे उत्तर त्यांना मिळाल्याचे नमूद आहे.

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी 'रशियाची अस्वल' म्हणून जाहिरात झालेल्या व्हेरा चिस्टिलिन या मल्ल स्त्रीला एका मिनिटाच्या आत हरविले आणि युरोपात जाऊन लढण्याचा मानस जाहीर केला. त्यानंतर मात्र वृत्तपत्रांतून त्यांचे नाव झपाट्याने नाहीसे झाले.

५. 'खरी की ठरवलेली?' या प्रश्नाचे स्वरूप :

हमीदा बानूंचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो : त्या कुस्त्या खऱ्या होत्या काय? हा प्रश्न गैर नाही. बानूंच्या ३०० हून अधिक विजयांचा आकडा किंवा बर्क यांनी सुमारे २०० पुरुषांना हरविल्याचा आकडा हे मूलतः जाहिरातीचे आकडे आहेत आणि ते तसेच स्वीकारणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. रोनोजॉय सेन यांनी भारतीय क्रीडा इतिहासावरील आपल्या ग्रंथात बानूंच्या लढतींचा विचार खेळ आणि करमणूक यांच्या पुसट सीमारेषेच्या संदर्भात केला आहे, तोही याच कारणाने.

तथापि हा प्रश्न कोणाला विचारला जातो आणि त्यातून कोणता परिणाम साधला जातो, हेही पाहिले पाहिजे. १ मिनिट ३४ सेकंदांचे उदाहरण घ्यावे. एवढ्या अल्पावधीत कुस्ती निकाली होणे हे संशयाचे कारण मानले जाते. मातीतील कुस्तीत हात मिळवताच पट काढून किंवा ढाक लावून काही क्षणांत अस्मान दाखविल्याचे प्रसंग मात्र पुरुष मल्लांच्या चरित्रांत पराक्रम म्हणून सांगितले जातात. केवळ वेळेवरून कुस्ती खरी की ठरवलेली हे सिद्ध होत नाही. एकाच पुराव्याचा अर्थ मल्ल पुरुष आहे की स्त्री यावर बदलत असेल, तर दोष पुराव्यात नसून वाचण्याच्या पद्धतीत आहे.

याच काळात मुंबईत पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना मोठी गर्दी होत होती. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींविषयीही ठरवलेल्या निकालाची कुजबुज होतच असे. त्या कुजबुजीने दारासिंग यांची लोकप्रियता घटली नाही. ते चित्रपटांत नायक झाले आणि २००३ मध्ये राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. पुरुषाच्या बाबतीत संशय लोकप्रियतेबरोबर नांदला, स्त्रीच्या बाबतीत तो परवानगी नाकारण्याचे कारण ठरला.

मुख्यमंत्र्यांच्या उत्तराचा विचारही याच दृष्टीने करता येईल. आयोजक दुबळे मल्ल उभे करीत होते हे क्षणभर मान्य केले, तरी दोष आयोजकांचा होता. शिक्षा मात्र कुस्ती मागणाऱ्या स्त्रीला झाली. तुल्यबळ जोड देण्यासाठी नामांकित मल्ल पुढे आले असते तर तक्रारीचे निराकरण झाले असते. परंतु नामांकित मल्लाने स्त्रीशी लढणे कमीपणाचे आणि दुय्यम मल्लाने लढणे बनावट, अशा दुहेरी कोंडीत तिची प्रत्येक कुस्ती आधीच अवैध ठरत होती. हरलो तर अब्रू जाणार आणि जिंकलो तरी काही मिळवले असे कोणी म्हणणार नाही, हा विचार पुरुष मल्लांनी केला असल्यास तो समजण्यासारखा आहे. त्याचे परिणाम मात्र एकट्या तिने भोगले.

६. ताबा कोणाचा? :

'खरी की ठरवलेली' या प्रश्नाऐवजी तीन अन्य प्रश्न विचारल्यास या इतिहासाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. जोड कोण ठरवीत होते? मिळकत कोणाच्या हाती जात होती? आणि कथा कोण सांगत होते?

अमेरिकेत पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बराच काळ बिली वुल्फ हे एकच नाव होते. पुढे त्याच स्थानावर एलिसन आल्या. ठेकेदार पुरुष जाऊन स्त्री आली म्हणून व्यवहाराची रीत बदलली नाही. जोड ठरविण्याचा हक्क ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे मल्लाची भाकरी असते, हे सूत्र दोन्ही ठिकाणी कायम राहिले.

हमीदा बानूंच्या बाबतीत हे स्थान सलाम पैलवान यांचे होते. वस्ताद, व्यवस्थापक आणि सहजीवी अशा अनेक नात्यांनी ते त्यांच्या आयुष्याशी बांधलेले होते. बीबीसीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात बानूंच्या कुटुंबीयांनी आणि परिचितांनी सांगितले आहे की, युरोपला जाण्याचा विचार सलाम यांना मान्य नव्हता आणि त्यांनी केलेल्या मारहाणीत बानूंचे हातपाय जायबंदी झाले. ही आठवणींवर आधारलेली माहिती आहे आणि ती तशीच नोंदविली पाहिजे. परंतु आखाड्यात पुरुषांना चीत करणाऱ्या स्त्रीची कारकीर्द आखाड्याबाहेर संपली, हे या सर्व आठवणींतून एकमुखाने पुढे येते.

त्यांचे उत्तरायुष्य मुंबईनजीकच्या कल्याण येथे गेले. दुधाचा व्यवसाय, काही जागांचे भाडे आणि पुढे रस्त्यावर खाद्यपदार्थांची विक्री यांवर त्यांनी निर्वाह केला. अखेरची वर्षे हलाखीची होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ३८ वर्षांनी, ४ मे २०२४ रोजी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले आणि एका दिवसात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. उर्दू कथाकार कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'डालनवाला' या कथेत त्यांचा उल्लेख कितीतरी आधी येऊन गेला होता. साहित्याने ठेवलेली नोंद क्रीडा इतिहासाने घेतली नव्हती.

७. औरंगाबाद १९६१ ते सांगली २०२३ :

या विषयाचा मराठवाड्याशी असलेला संबंध एका तारखेतून दिसतो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 'महाराष्ट्र केसरी' किताबाची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. त्या वेळी हमीदा बानू याच राज्यात, कल्याणमध्ये होत्या आणि त्यांच्या गाजलेल्या कुस्त्यांना अवघी सात वर्षे झाली होती. राज्याच्या नव्या क्रीडारचनेत त्यांच्यासारख्या स्त्रीसाठी जागा कल्पिलेलीच नव्हती.

जागतिक पातळीवर स्त्रियांच्या हौशी कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत झाली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती २००४ मध्ये अथेन्स येथे आली, म्हणजे लीटमन यांचा माहितीपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी. राष्ट्रकुल स्पर्धेत ती २०१० मध्ये दिल्लीत समाविष्ट झाली आणि गीता फोगाट यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक यांनी ऑलिंपिक कांस्यपदक पटकाविले.

महाराष्ट्रात पहिली 'महिला महाराष्ट्र केसरी' स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांच्यावर मात केली. औरंगाबाद ते सांगली हे अंतर बासष्ट वर्षांचे आहे. ज्या कल्याणमध्ये हमीदा बानू विस्मृतीत गेल्या त्याच कल्याणची मुलगी पहिल्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत होती. यांत थेट परंपरा नाही, ती असायला हवी होती. वस्तादाकडून शिष्याकडे डाव जातो तशी स्मृतीही जाते. येथे मधल्या पिढ्यांत ती साखळी तुटली. आजच्या मुलीला आपण सर्वस्वी नव्या वाटेवर आहोत असे वाटते, ते त्यामुळेच.

समारोप :

स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीचा आरंभीचा इतिहास हा संशयाच्या छायेत राहिलेल्या श्रमाचा इतिहास आहे. अमेरिकेत त्या श्रमाला उशिरा का होईना, पण स्वतःचा आवाज मिळाला, कारण सहा वृद्ध स्त्रिया हयात असताना कोणीतरी त्यांच्यासमोर कॅमेरा ठेवला. हमीदा बानू १९५४ नंतर ३२ वर्षे हयात होत्या आणि मुंबईपासून काही अंतरावरच राहत होत्या. त्यांच्या डावांविषयी त्यांनी स्वतः सांगितलेली एखादी सविस्तर ध्वनिफीत आज हाती असती, तर 'खरी की ठरवलेली' या प्रश्नालाही अधिक चांगले उत्तर मिळाले असते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य बोध निघतो. १९६१ ची स्पर्धा तरुणपणी पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. जत्रांच्या फडात, सर्कशीत किंवा तंबूच्या खेळांत ताकदीचे प्रयोग करणाऱ्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या होत्या काय, हा प्रश्न त्यांना आजच विचारता येईल. इतिहास, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्र येऊन मौखिक नोंदींचे काम हाती घेतल्यास त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. मात्र विलंबाला वाव नाही.

निष्कर्ष :

१. स्त्रियांची व्यावसायिक कुस्ती राजाश्रय आणि तालीम यांच्या बाहेर, तिकिटाच्या बाजारात वाढली. तिच्याविषयीच्या संशयाचे मूळ या स्थानात आहे.

२. कुस्तीच्या सत्यतेविषयीचा संशय पुरुष आणि स्त्री दोघांबाबत होता. त्याचा परवानगी नाकारण्यासाठी झालेला उपयोग मात्र बानूंच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो.

३. जाहिरातीतील आकडे, वृत्तपत्रांतील वर्णने आणि कुटुंबीयांच्या आठवणी ही तीन वेगळ्या स्वरूपाची साधने असून ती एकमेकांत न मिसळता वापरली पाहिजेत.

४. माहितीपट आणि मौखिक इतिहास यांचे मोल साक्षीदाराच्या आयुर्मर्यादेशी बांधलेले असते. हमीदा बानूंच्या बाबतीत ती वेळ टळून गेली. त्यांच्यानंतरच्या पिढीच्या बाबतीत ती अद्याप हातात आहे.